तुझ्याकडे, माझ्याकडे

४ जानेवारी, रविवार

फ्रिजवर एक पत्रक आलंय. चुंबकाखाली, लेकीच्या फोटोशेजारी. ह्यांनीच लावलं असणार — घरात दुसरं आहे कोण!

मोटारींची लांब पल्ल्याची रॅली. हौशी लोकांसाठी. गाडी स्वतःची, माणसं दोन, रस्ता पाच दिवसांचा. मार्चच्या पहिल्या तारखेला सुरुवात.

विचारलं, हे काय?

"हं," म्हणाले.

जायचंय का?

"बघू."

ह्यांचं उभं आयुष्य बाटल्यांच्या कारखान्यात गेलं. निवृत्त झाल्यापासून हे घर दुरुस्त करत असतात. न मोडलेलंसुद्धा. रॅली ही त्यातलीच एखादी दुरुस्ती असावी. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायचंही राहून गेलं.

७ जानेवारी

पत्रक अजून तिथंच. दूध काढताना रोज वाचते.

लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं? पाच दिवस? एका गाडीत? बोलणार काय?" आणि खो खो हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर प्रश्न मात्र खोलीत तसाच उभा राहिला, पाहुण्यासारखा.

हल्ली आमचं बोलणं म्हणजे मी बोलायचं आणि ह्यांनी "हं" म्हणायचं. हो असेल तरी हं, नाही असेल तरी हं. मग माझीही वाक्यं आखूड झाली. क्रियापदं आधी गळली, मग बाकीचं. उरले नुसते शब्द. चहा. किल्ली. दिवा. कॉलेजात मी तासभर एका कवितेवर बोलते आणि घरी येऊन सुटे शब्द वापरते.

आणि हेही लिहायला हवं — मी कॉलेजला गाडी नेते, आणि निघण्याआधी तिची काच ह्यांनी पुसलेली असते. पावसात, थंडीत, भांडणानंतरच्या सकाळीसुद्धा. कधी राहिलं नाही.

ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दलची आहेत. मला ती अजून एका परिच्छेदात बसवता आलेली नाहीत.

११ जानेवारी, रविवार

गेलो तर खरं! रॅलीचा क्लब म्हणजे दातांच्या दवाखान्याचं मागचं अंगण. चालवणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर. सगळे त्यांना दंतबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. भावाला शेजारी बसवून त्यांनी बऱ्याच रॅल्या केल्यात.

मला वाटत होतं, शर्यत असेल. शर्यत नाही. प्रत्येक टप्प्याला ठरलेली वेळ, त्या वेळेला पोचायचं. उशीर झाला तर गुण जातात. लवकर पोचलं तरी जातात. हे मला फार आवडलं. लवकर पोचण्याला दोष देणारी एक तरी जागा जगात आहे!

गाडीत दोघं. दंतबाईंचे शब्द — हाकणारा आणि सांगणारा. सांगणाऱ्याच्या मांडीवर मार्गपुस्तिका, तिच्यात वळणावळणाचं छोटं चित्र आणि बाण. नकाशा नाही. फोनमधल्या बाईला गाडीत बंदी. सांगणाऱ्यानं वळण सांगायचं, हाकणाऱ्यानं ते परत म्हणायचं, मगच चाक फिरवायचं. "ऐकलंत, हे ऐकू आलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

पंधरा फेब्रुवारीला चाचणी फेरी. त्या स्वतः मागच्या सीटवर बसणार. ज्या जोडीचं सांगणं आणि ऐकणं जमत नाही, तिला त्या रस्त्यावर सोडत नाहीत. रागानं नाही, काळजीनं. मागं एक जोडी नदीत उतरली होती म्हणे, पुलाच्या शेजारून. दोघं वाचले. अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

ह्यांनी नावं दिली. हाकणारा — हे. सांगणारी — मी.

सांगणारी! साहित्य शिकवणाऱ्या बाईला ह्या एका शब्दात गुंडाळता येतं.

१८ जानेवारी, रविवार

पहिला सराव. फजिती.

मी "डावीकडे" म्हणते आणि हात उजवीकडे जातो. एकदा नाही, तीनदा. दंतबाई मागून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या तोंडाचं आणि हाताचं भांडण झालंय का?"

कारण मला ठाऊक आहे. सगळी नोकरी वर्गाकडे तोंड करून उभं राहण्यात गेली. माझं डावं ते मुलांचं उजवं. मुलांना कळावं म्हणून मी त्यांच्या बाजूनं बोलत राहिले आणि माझी बाजू हरवून बसले. हे सांगितल्यावर दंतबाई हसल्या नाहीत. विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "टाकून द्या डावं-उजवं. गाडीत माणसं दोन, बाजू दोन. एक तुमची, एक त्यांची."

म्हणजे माझ्या बाजूला वळायचं असेल तर "माझ्याकडे". ह्यांच्या बाजूला असेल तर —

"अहो, तुमच्याकडे वळा!" मी म्हटलं. वळण मागं गेलं.

"अहो म्हणेपर्यंत वळण संपलं," दंतबाई म्हणाल्या. "गाडीत अहो-जाहो नाही चालणार. तुझ्याकडे. वळ. थांब. बास."

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. मी ह्यांना एकेरी हाक मारलेली नाही — तापात नाही, रागात नाही. लेक लहान असताना बापाला अरे-तुरे करायची तेव्हा मीच डोळे वटारायची.

"घरी काय ते म्हणा हो. गाडीत एकेरी."

हे समोर बघत होते. कानाची पाळी लाल दिसली. ऊनही त्याच बाजूनं येत होतं म्हणा.

मग ह्यांची पाळी. मी वळण सांगितलं, हे म्हणाले, "हं." दंतबाई पुढं वाकल्या. "माझ्या खुर्चीत सगळे हं म्हणतात. तोंडात हत्यार असतं त्यांच्या. तुमच्या तोंडात काय आहे?"

हे हसले! आवाज करून हसले. मी खिडकीतून बाहेर बघितलं, उगाच.

तर असं ठरलं — मी "तुझ्याकडे" म्हणायचं, ह्यांनी "माझ्याकडे" म्हणून वळायचं. शब्द उलटा, बाजू तीच. आणि हं बंद.

शेवटच्या फाट्यावर म्हटलं. तुझ्याकडे. "माझ्याकडे," हे म्हणाले आणि वळले.

इथं लिहिताना मात्र 'हे'च येतंय. कागदावर एकेरी यायला वेळ लागेल.

२० जानेवारी

तू. तुझ्याकडे. तू थांब.

कांदा चिरताना भिंतीला म्हणून बघितलं. भिंतीनं मनावर घेतलं नाही.

२३ जानेवारी

फिटरकडे गाडी दाखवली. आमची करडी. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं. "काका, म्हातारी झालीय, पण दम आहे." मग माझ्याकडे बघून घाईनं, "गाडीचं म्हणतोय, काकू."

घरी येऊन ह्यांनी माझ्या सीटपुढं एक लाकडी ठोकळा बसवला. तिरका, कडा घासलेल्या. पाय टेकायला. विचारलं नाही, सांगितलं नाही. बसून बघितलं तर पाय टेकले. म्हणजे आजवर लोंबकळत होते! एवढी वर्षं ह्या गाडीत बसते, मला माझे पाय माहीत नव्हते. ह्यांना होते.

२५ जानेवारी, रविवार

आज दोघंच गेलो. क्लबच्या जुन्या पुस्तिकेवर.

एक गोष्ट घडली. लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरी वाटणार नाही.

पाण्याच्या टाकीपाशी फाटा होता. चित्रात बाण ह्यांच्या बाजूला. मी बाण बघितला, हात त्या बाजूला केला आणि तोंडातून मात्र "माझ्याकडे" गेलं. चुकलेच. दुरुस्त करायला तोंड उघडलं, तोवर हे "माझ्याकडे" म्हणून आपल्या बाजूला वळलेसुद्धा. बरोबर वळले!

मी चुकीचं बोलले आणि ह्यांनी बरोबर ऐकलं.

शब्दाच्या मागं काय आहे ते ऐकणारा वाचक मिळावा म्हणून लोक जन्मभर लिहितात. माझा रोज शेजारी बसून चहा पितो. मी कुरकुरत होते, हे ऐकत नाहीत म्हणून. देवा, माझ्या कुरकुरीला माफ नको करूस, पण तुझे आभार, आणि हे असंच राहू दे.

परतताना हे आपणहून बोलले. कारखान्यातलं. बाटल्यांच्या सरकत्या पट्ट्यापाशी इतका खणखणाट असे की कुणी कुणाशी तोंडानं बोलतच नसे. हातानं चाले सगळं. चहा, साहेब आला, काच तडकली, घरी जाऊ — सगळ्याला खूण. गाडी चालवता चालवता ह्यांनी 'साहेब आला' करून दाखवलं. दोन बोटं कपाळाला आणि नाक वर. मी इतकी हसले की पुढचा फाटा चुकला.

२८ जानेवारी

मुलांचे पेपर तपासतेय. एकानं लिहिलंय, 'कवी येथे न बोलता बोलतो.' नेहमी अशा वाक्याखाली लाल रेघ मारते. आज मारली नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

मोठा सराव. सकाळी निघालो, ऊन उतरल्यावर परत. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कापलेली शेतं. ठरल्या वेळेच्या आधी पोचायला लागलो म्हणून एका झाडाखाली थांबलो आणि थर्मासमधला चहा प्यायलो. लवकर आल्याची शिक्षा!

विचारलं, रॅलीच का हो काढलीत? लोक निवृत्त झाल्यावर बाग करतात.

हे झाकणाच्या कपात बघत होते. "हं," म्हणाले.

आज हं खुपला नाही. झाड, चहा, पायाखालचा ठोकळा, शेजारी न बोलता बोलणारा माणूस. आणखी काय हवं असतं? यादी करायला बसले तर पुढं काही येत नाही.

७ फेब्रुवारी

दंतबाईंनी पाटी दिली. पातळ लाकडाची, वर चिमटा. पुस्तिका तिच्यात अडकवून दोन्ही हातांनी धरायची, म्हणजे खडबडीत रस्त्यावर बाण नाचत नाहीत. चाचणीत पाटी हवीच, म्हणाल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं मोडलं.

पाटी दोन्ही हातांत घट्ट. मी "तुझ्याकडे" म्हटलं. हे सरळ गेले. पुन्हा पुढं "माझ्याकडे" म्हटलं — हे भलतीकडे. मी मोठ्यानं म्हटलं. हे "हं" म्हणाले. हं! बंद केलेला हं!

तिसऱ्या फाट्यावर समोरून पाण्याचा टँकर. मी "थांब" म्हणून ओरडले. हे माझ्याकडे वळून बघायला लागले — रस्त्याकडे नाही, माझ्याकडे. टँकरवाल्यानंच गाडी खाली उतरवली म्हणून आज हे लिहितेय. त्यानं काच खाली करून आम्हाला काय म्हटलं ते लिहिणार नाही. सगळं खरं होतं. त्याचं भलं होवो.

गाडी कडेला घेतली. ह्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "सांगायचं ना!" म्हणाले.

"सांगितलं!"

"कधी?"

मी पाटी मागच्या सीटवर फेकली.

पंचवीस तारखेचं पान वाचलं. आपलीच जुनी कविता वाचल्यासारखं वाटलं. कुणी लिहिली ही भोळी बाई!

९ फेब्रुवारी

हे खिडकीशी स्टुलावर बसून टेबलफॅन उघडत होते. न बिघडलेला. मी मागं, ह्यांच्या डाव्या अंगाला, कपड्यांच्या घड्या घालत होते. राग होताच.

म्हटलं, आज कॉलेजात वीज नव्हती.

"हं."

म्हटलं, लेकीनं फोन करायला सांगितलाय.

"हं."

मग काय वाटलं कोण जाणे. त्याच आवाजात, शांतपणे म्हटलं, "मी तुम्हाला सोडून चालले."

"हं," हे म्हणाले. मायेनं म्हणाले. स्क्रू फिरवत.

हसू आलं. मग हसू अर्ध्यात थांबलं.

घडी खाली ठेवली. उठून दुसऱ्या बाजूला गेले, ह्यांच्या उजव्या अंगाला. आवाज तेवढाच ठेवला. म्हटलं, रेडिओ बंद करू?

"असू दे. बातम्या लागतील आता."

मी तिथंच उभी राहिले. बातम्या लागल्या. काय होत्या ते आठवत नाही.

गाडीत मी ह्यांच्या डाव्या बाजूला असते. जेवायला बसतो तेव्हाही. झोपतो तेव्हाही.

१० फेब्रुवारी

सांगितलं ह्यांना. उजव्या बाजूला बसून. परवा डॉक्टरकडे जाऊ म्हटलं.

"मला ऐकू येतं," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तू कुठल्या बाजूला आहेस त्यावर आहे."

१२ फेब्रुवारी

कानाचे डॉक्टर. काचेची खोली, ह्यांच्या कानांवर यंत्र, आवाज आला की बोट वर करायचं. मी काचेबाहेर. हे शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते. उजव्या कानाला बोट पटापट वर. डाव्या कानाला नुसतं मांडीवर पडून. हे मात्र वाट बघत होते. फार मन लावून वाट बघत होते.

डॉक्टर म्हणाले, कारखान्यात पट्टा कोणत्या हाताला असायचा? डाव्या. "बरोबर. डाव्या कानात आवाज पोचतो. शब्द पोचत नाहीत. काही वर्षं झाली असतील. हळूहळू जातं, म्हणून कळत नाही." यंत्र बसवता येईल. तयार व्हायला आणि सवय व्हायला वेळ लागेल. मार्चच्या आत नाही.

बाहेर बाकावर बसलो. मी उजव्या बाजूला. विचारलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही?

ह्यांनी डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात ठेवला. "मला वाटलं, तूच बोलायची कमी झालीस."

मग पुन्हा म्हणाले, "काहीतरी बोललीस असं वाटलं की मी हं म्हणायचो. म्हणजे तू थांबू नयेस."

तर असं होतं. हं म्हणजे हो नव्हतं, नाही नव्हतं. पुढं बोल, एवढंच होतं. मी व्याकरणही शिकवते!

मग पाण्याच्या टाकीपाशी बरोबर कसे वळलात, विचारलं.

"हात बघितला."

मी त्या दिवशी आभार मानले ते भलत्याच गोष्टीचे. रस्त्यावर ठेवायची नजर हे माझ्या हातावर ठेवून होते. वाईट आहे, धोक्याचं आहे, टँकरवाल्याला विचारा. तरी मोडलेले आभार टाकवत नाहीत. कुणी इतकं बघितलंय का मला?

१३ फेब्रुवारी

दूध काढायला गेले तर फ्रिज मोकळा. पत्रक गेलं. चुंबक तेवढा राहिलाय, कशालाच धरून नसलेला.

ह्यांना म्हटलं, का काढलंत? म्हणाले, "न ऐकणाऱ्यानं हाकू नये. आणि तुला तरी कुठं जायचं होतं?"

खरंच, मी हो असं कधी म्हटलंच नव्हतं. आजपर्यंत गरज पडली नव्हती.

दुपारी दवाखान्यात गेले. दंतबाई कुणाच्या तरी दाढेत होत्या. सगळं ऐकून घेतलं, हत्यार न थांबवता. म्हणाल्या, तुमच्याकडे लायसन आहे ना? कॉलेजला गाडी नेता ना? मी म्हटलं, कॉलेजपर्यंत. लांबचा रस्ता नेहमी हेच —

"सांगणाऱ्याला कान लागत नाहीत, मॅडम. तोंड लागतं. परत म्हटलेलं ऐकायला एक कान पुरतो, आणि तो तुमच्याच बाजूला येतो."

खुर्चीतला माणूस "हं" म्हणाला.

१४ फेब्रुवारी

किल्ली घेतली आणि बाहेर आले. हेही आले, सवयीनं, आणि हाकणाऱ्याच्या दारापाशी उभे राहिले. मी आधीच आत बसले होते, चाकामागं.

हे काचेतून बघत राहिले. मी काच खाली केली नाही. खाली केली असती तर अहो आलं असतं तोंडातून आणि मग समजूत, आणि मग चहा. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसले. काच लख्ख होती. सकाळीच पुसलेली.

हे गाडीच्या पुढून वळसा घालून गेले. माझ्या सीटवर बसले. ठोकळ्यामुळं ह्यांचे गुडघे हनुवटीला लागले. वाकून ठोकळा काढला आणि इकडं सरकवला. माझा पाय क्लचवर असतो हे लक्षात येऊन परत मागं ठेवला. मग मांडीवर पाटी घेतली.

"फाट्याशी काय करू?" मी विचारलं.

"माझ्याकडे."

माझ्याकडे म्हणजे सांगणाऱ्याची बाजू. कालपर्यंत मी म्हणत होते, आज हे. शब्द तेच, बाजू तीच. नुसतं तोंड बदललं.

गावाबाहेर ट्रकच्या मागं लागलो तेव्हा ह्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबलेला दिसला. पाय घरापर्यंत तसाच.

१५ फेब्रुवारी, रविवार

चाचणी.

दंतबाई मागं. पहिला फाटा आला. ह्यांनी हात केला. जुनी सवय — दोन बोटं, कारखान्याची खूण.

"हात खाली," मागून आवाज. "मॅडम रस्त्याकडे बघतायत. तोंड उघडा."

हंवर संसार केलेला माणूस! इथंच संपतंय, वाटलं. माझा हट्ट, ह्यांची शोभा. फाटा जवळ येत होता आणि मी वेग कमी केला नाही. मला माहीत करून घ्यायचं होतं.

"तुझ्याकडे," हे म्हणाले. घसा खरवडून.

"माझ्याकडे," मी म्हटलं. वळले.

"सरळ. पुढं पूल. पुलानंतर माझ्याकडे." 

"तुझ्याकडे."

मग बोलतच राहिले. आधी पुस्तिकेतलं — खड्डा, चढ, शाळा, हळू. मग हळूच पुस्तिकेबाहेरचं. ह्या चढावर दुसरा गिअर पुरे. छान घेतलास. ती टाकी बघ, आपल्या पहिल्या घरासमोर होती तशी. तिच्यावर एक पोपटी दार होतं, आठवतं? कुणी लावलं असेल टाकीला दार!

"हे पुस्तिकेत नाही," दंतबाई म्हणाल्या.

"नाही," हे म्हणाले, आणि दाराचं पुरं केलं.

शेवटच्या टप्प्याला थोडे लवकर पोचलो. गुण गेले. दंतबाई उतरताना म्हणाल्या, "चालेल. मलाही घाई झाली होती. ते दार कशाचं होतं ते ऐकायचं होतं." मग गंभीर होऊन ह्यांच्या उजव्या बाजूला गेल्या आणि सांगितलं — तुम्ही जा, दोघं. पण असेच बसा.

हे माझ्याकडे बघून हसले. मी अजून चाक सोडलं नव्हतं. बोटं उघडेनात.

१६ फेब्रुवारी

पत्रक परत फ्रिजवर. ह्या वेळी मी लावलं.

१९ फेब्रुवारी

जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या बदलल्या. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांचं पाणी प्यायलं. पलंगाच्या बाजूही बदलल्या. ह्यांना भिंत मिळाली, मला खिडकी. इतकी वर्षं खिडकी ह्यांच्याकडे होती, कधी म्हटलं नाहीत की सकाळी तिथून एवढा उजेड येतो. की म्हटलं होतं, आणि मी हं म्हटलं होतं?

२२ फेब्रुवारी, रविवार

फिटरनं शेवटचं बघितलं. त्याला कळलं की काकू हाकणार. करडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, "आता हिला विचारायला हवं." ती पहिल्या फटक्यात सुरू झाली. गुणाची आहे.

लेकीचा फोन आला. बाबांना दिला. ह्यांनी फोन उजव्या कानाला धरला आणि बोलत अंगणात गेले. परत दिला तेव्हा ती म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय? थांबेचनात."

२८ फेब्रुवारी

उद्या निघायचं. सामान ठेवून झालं. दोघं उगाच गाडीत बसून राहिलो, अंगणातच. गाडी बंद होती, तरी एकेरीच आलं तोंडातून. त्याच्या उजव्या बाजूला होते, म्हणून मोठ्यानं म्हणावं लागलं नाही. "रॅलीच का रे काढलीस?"

तो काचेतून समोर बघत म्हणाला, "पत्रकात होतं. सांगणाऱ्यानं रस्ताभर बोलत राहायचं असतं. नियमच आहे. म्हटलं, पाच दिवस तरी तू बोलशील."

मी म्हटलं, "हं."